पाच भाऊ एका फोटोत

१२ जानेवारी १९७५, रविवार

मंडळाबरोबर कोयनानगरला जाऊन आलो. घाटातल्या वळणांनी अंग आंबलंय, पण दोन ओळी लिहिल्याशिवाय पाठ टेकवत नाही.

'कृष्णाकाठ हौशी छायाचित्रकार मंडळ' असं आमचं नाव मोठं आणि सभासद अकरा. त्यातले सात आज जीपमध्ये होते आणि कॅमेरे आठ, कारण साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आप्पासाहेब नेहमी दोन आणतात. "एक फोटो काढायला, एक दाखवायला," असं नानासो म्हणतात. नानासोंचा सांगलीत गणपती पेठेत स्टुडिओ आहे. आम्हा सगळ्यांचे रोल तेच धुतात, त्यामुळे कुणाचं काय बिघडलं ते त्यांनाच ठाऊक.

माझा कॅमेरा भात्याचा, जर्मन, युद्धाआधीचा. निवृत्त झालो तेव्हा शाळेनं शाल-नारळ दिला. कॅमेरा मी माझा मला दिला. अडतीस वर्षं कविता शिकवल्या. मला फळ्यावर चित्र काढता येत नसे, म्हणून शब्दांनीच डोंगर उभा करायचा, शब्दांनीच त्यावरून झरा सोडायचा. पोरं आ करून खिडकीबाहेर बघायची, जणू तो तिथंच आहे. आता वाटतं, आयुष्यभर सांगितलेला तो डोंगर एकदा तरी कागदावर उतरवून दाखवावा. हे खूळ असेल तर असो. मी ते शेवटाला नेणार.

धरणाच्या भिंतीजवळ कॅमेरे न्यायला बंदी. म्हणून वसाहतीच्या वरच्या वळणावर जीप थांबवली. खाली पाणी, पलीकडे डोंगरामागे डोंगर आणि सगळ्यावर दाट धुकं. मी म्हणालो, "वा! काय धुकं पडलंय!"

आप्पासाहेब म्हणाले, "कुठाय धुकं, गुरुजी? मघाशीच गेलं की. लख्ख ऊन पडलंय."

निसर्गाकडे बघायची दृष्टी एकेकाला नसते, त्याला कोण काय करणार?

माझी रीत ठरलेली आहे. कॅमेरा छातीशी धरायचा, श्वास कोंडायचा, मनात भुजंगप्रयाताचा एक चरण म्हणायचा आणि शेवटच्या गुरूवर बटण दाबायचं. हात हलत नाही. आठच्या आठ फोटो असे काढले. नानासो शेजारीच उभे राहून आपल्या चौकोनी डबीसारख्या कॅमेऱ्यात वरून डोकावत होते. उतरताना पायरी चुकली तेव्हा त्यांनीच धरलं.

२० जानेवारी, सोमवार

फोटो आला! आठांतला एकच आला, पण काय आला!

पाण्याकडे उतरणारी पायवाट, तिच्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई, मागं डोंगरांच्या रांगा. खिडकीत नेऊन भिंगाखाली धरला. बाईच्या पदराचे काठ मोजावेत इतका स्वच्छ. गंमत म्हणजे ती बाई वाटेवर कधी आली ते मला आठवत नाही. चांगली ओळही अशीच येते, लिहिणाऱ्याला न विचारता.

माझे फोटो एरवी लांबट येतात. हा चौकोनी आहे. विचारलं तर नानासो जरा घुटमळले, मग म्हणाले, "कडा कापल्या गुरुजी. कडंला काय नव्हतं." बरोबर आहे. छाटल्याशिवाय कविता तरी कुठे होते? बाकीच्या सातांत म्हणे उजेड शिरला. भात्याला बारीक भोक असावं.

सूनबाई विजयमाला फोटोकडे बराच वेळ बघत होती. म्हणाली, "फोटो सुरेख आहे आबा. पण एकदा मिरजेला डोळे दाखवून घेऊ या का?"

"फोटो सुरेख म्हणतेस आणि डोळे दाखवायला सांगतेस?"

"परवा तुम्ही परसात 'या तानुबाई, बसा' म्हणालात. तिथं शेजारच्या तानुबाई नव्हत्याच. दोरीवर माझं पातळ वाळत होतं."

संध्याकाळची वेळ होती, कुणाचंही असं होईल. मी विषय बदलला.

९ फेब्रुवारी, रविवार

माधवनगरच्या एका गिरणीत कामगारांचं स्नेहसंमेलन होतं, तिथं मंडळाला बोलावलं होतं. बक्षीस समारंभ आप्पासाहेबांकडे, नाटुकलं नानासोंकडे आणि मागाच्या धोट्यांत सूत भरणाऱ्या बायकांचा गट माझ्याकडे. बायका कसल्या, आगगाडीच. राहीबाई नावाची एक पुढारीण. मी त्यांना दोन रांगांत उभं करतोय तर म्हणते, "गुरुजी, आवं तुमी खांबाकडं बगून 'हसा' म्हंताय. आमी हिकडं हाय!"

सगळ्या अशा हसल्या की तोच फोटो घेतला.

मांडवातल्या दिव्यांभोवती आज इंद्रधनुष्यासारखी कडी दिसत होती, चंद्राला खळं पडतं तशी. मी नानासोंना दाखवली. ते दिव्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिले. "कदीपासनं दिसत्यात कडी?" म्हणाले. मी सांगितलं, दिवाळीपासून. माधवनगरात सरकीची धूळ फार, त्यानं होत असेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गिरणीच्या रोलमधला एकही आला नाही. नानासो म्हणाले, "रोलच जुना निघाला. राहीबाईंचा गट मी बी टिपलाय, त्यो देऊ." भाताही त्यांनी तपासला, भोक नाही म्हणतात. मग कोयनेला उजेड शिरला कुठून? मी कॅमेऱ्याचं भिंग मऊ फडक्यानं तीन वेळा पुसलं. अजून त्यावर पापुद्रा असल्यासारखं वाटतं. बुरशी असेल. जिद्द सोडायची नाही. पहिल्या वर्षी मला गणही म्हणता येत नव्हते.

१६ मार्च, रविवार

मंडळाचं प्रदर्शन. शाळेचा हॉल, दोऱ्या बांधून फोटो लावलेले. माझ्या फोटोखाली चिठ्ठी: 'पाण्याकडे. छायाचित्रकार ग. बा. निकम'. लोक थांबून बघत होते. एक बाई तर म्हणाल्या, "ही बाई आत्ता वळून बोलंल बघा." नानासोंना बोलावून ते ऐकवलं. ते गर्दीत कुठेतरी निसटले. बिचारे लाजाळू आहेत.

दुपारी मागून कुणीतरी पाया पडलं. आवाजावरून ओळखलं, नाथाजी! लोणंदजवळच्या वाडीतल्या शाळेत मी अकरा वर्षं होतो. तिथल्या भामाबाईचे पाच मुलगे ओळीनं माझ्या हाताखालून गेले आणि ओळीनंच फौजेत गेले. नाथाजी शेंडेफळ. रजेवर आला होता, कामासाठी सांगलीला आला आणि मला शोधत हॉलवर पोचला.

फोटोसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, ह्यो तुमी काडला? लय भारी हाय की."

मग खालच्या आवाजात त्यानं मागणं घातलं. यंदा यात्रेला चौघंही भाऊ घरी येणार आहेत. दहा वर्षांत असं जमलेलं नाही. एकाची रजा संपते तेव्हा दुसऱ्याची सुरू होते. मधला आनंदा एकाहत्तरच्या डिसेंबरात गेला. त्याची ट्रंक आली, तो आला नाही.

"पाच हुतो तवा एकदाबी फोटू काडला न्हाई," नाथाजी म्हणाला. "आय सारखी त्येच बोलतीया. आता आनंदादाचा फोटू मांडीवर घिऊन बसंल आन आमी चौघं मागं. पाच व्हत्याली. लोणंदचा फोटूवाला येतो म्हनला व्हता, पर आय म्हनली, गुरुजी काडत असतील तर गुरुजीच. त्यांनी पाचीजणांस्नी बगितलंय."

मी तिथल्या तिथं शब्द दिला. नानासो परत आले होते. म्हणाले, "गुरुजी, लग्नसराई हाय, पर मी सवड काडतो. दोघं मिळून जाऊ."

मी साफ नकार दिला. ज्याचा फोटो भिंतीवर लागलाय त्यानं दुसऱ्याचा हात धरून चालायचं? आप्पासाहेबांसमोर? नानासो चिठ्ठीची टाचणी नीट करत बसले.

२७ एप्रिल, रविवार. वाडी

यात्रेचा दिवस. हलगी, गुलाल, पाहुणे. भामाबाईच्या दारात लिंबाखाली बाज टाकून बसलो आणि चौघं पुढं आले. आकाराम हवालदार झाला, मिशी राखलीय. धनाजीच्या आवाजाला आता हुकमाची धार. गुंडा तसाच थट्टेखोर. नाथाजीनं सकाळपासून मला तीनदा चहा पाजला.

भामाबाई थकली आहे. मला बघून म्हणाली, "गुरुजी, तुमी केस पांढरं केलं, मी दात पाडलं. पोरं मातूर दोघांनीबी मोटी केली."

आनंदाची आठवण निघाली. वर्गात कविता म्हणायला उभा राहिला की तिसऱ्या ओळीनंतर थांबायचा आणि चौथी विसरलोय हे कळू नये म्हणून पहिलीच पुन्हा म्हणायचा, आणखी मोठ्यानं. मी हे सांगितलं तेव्हा भामाबाई पदर तोंडाला लावून हसली.

सगळे जमेपर्यंत उन्हं कलली. उघड्यावर पाहुण्यांच्या बैलगाड्या; म्हणून लिंबाच्या सावलीतच उभं केलं. सावली दाट, म्हणून भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं. अंतर पंधरा फूट. सहा पावलं मोजली. भिंगाभोवतीच्या अंतराच्या रिंगेवरचे आकडे मुंगीएवढे. पंधरा शोधून तिथं रिंग फिरवली. आई मधे, मांडीवर आनंदा, मागं चौघं. भुजंगप्रयात, शेवटचा गुरू, खट्. खात्रीसाठी आणखी एक.

"आला का?" भामाबाईनं विचारलं.

"आला!" मी म्हणालो.

बुधवारी आकाराम आणि धनाजी पुण्याच्या गाडीनं उत्तरेकडे जातील आणि गुंडा मिरजेच्या गाडीनं बेळगावला. त्याआधी फोटो पोचवीन असं वचन देऊन निघालो.

२८ एप्रिल, सोमवार

लिहायला बसलोय.

नानासोंनी रोल धुतला. मी बाहेरच्या बाकावर होतो. ते अंधारखोलीतून आले, ओली फीत चिमट्याला लावली आणि माझ्याशेजारी बसले.

"गुरुजी, न्हाई आला."

"कुठला?"

"दोन्ही. मागचा लिंब स्पष्ट न्हाई, फुडची माणसंबी न्हाईत. तुमी रिंग पाचावर लावली हुती. पंधरावर न्हवं."

मी म्हणालो, शक्य नाही, मी स्वतः पंधरा वाचलं. नानासो उठले. भिंतीवरचं कॅलेंडर दाखवून म्हणाले, "आज तारीक काय?" मी उठून जवळ गेलो. नाक टेकेपर्यंत गेलो. मग म्हणालो, "नानासो, कोयनेचा फोटो तरी?"

त्यांनी मान खाली घातली. "माझा हाय. तुमचं आठीच्या आठी धुक्यागत आलं हुतं. तुमी जिन्यात उभं राहून वाट बघत हुता, मला सांगवंना. एक फोटू दिला तर तुमाला बरं वाटंल, एवढाच इचार केला. त्यास्नी तुमी असं वचन देऊन बसाल ह्ये कुणाला ठावं? हॉलवर सांगणार हुतो, तुमी ऐकायच्या मनःस्थितीत न्हवता."

राग आला. आधी त्यांचा, मग त्या चौकोनाचा, जो मी तीन महिने भिंगाखाली धरून मिरवला. घरी आलो तर विजयमालानं ताट वाढलं होतं. तिला सगळं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. याचंच वाईट वाटलं.

जेवलो नाही. पण बसून राहिलो असतो तर बुधवार निघून गेला असता. चौघं एकत्र असण्याला दोन दिवस उरलेत. पुन्हा दहा वर्षं? भामाबाईजवळ दहा वर्षं नाहीत. माझ्याजवळही नाहीत.

दुपारी पुन्हा स्टुडिओत गेलो. नानासो म्हणाले, उद्या आणि बुधवारी माधवनगरला लग्न आहे, सुपारी घेतलेली, मोडता येत नाही. दुसरा माणूस बघतो. लग्नसराईत दुसरा माणूस मिळाला नाही; लोणंदचा फोटोवालाही लग्नांत गुंतलेला. आप्पासाहेब महाबळेश्वरला गेलेत. शेवटी मीच म्हणालो, "मी बिघडवलं, मीच जाईन. डोळ्यांनी करायचं ते सगळं तुम्ही आज करून ठेवा. मला फक्त बोट लागेल."

त्यांनी हात पुसले. मग कॅमेरा घेतला. रिंग पंधरा फुटांवर आणून वर चिकटपट्टी बसवली. दुपारच्या उन्हाच्या हिशेबानं भिंगाचं तोंड बारीक केलं, वेग लावला, तिथंही पट्टी. रोल भरून पहिल्या आकड्यावर आणून ठेवला. "आता कशालाबी हात लावू नका. उन्हातच उभं करा. आन पावलं न्हाई मोजायची, पाऊल लहानमोठं पडतंय. पंधरा फूट म्हंजे दहा हात. हातानं मोजा."

तिथून पोस्टात जाऊन वाडीला तार केली. मजकूर मीच रचला. तारेत शब्द थोडे असावेत: 'फोटो बिघडला. आनंदासह सर्वांनी बुधवारी स्टेशनवर यावे. निकम.'

३० एप्रिल, बुधवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळच्या पॅसेंजरनं सांगलीहून निघालो. विजयमाला सोबत येते म्हणत होती, पण ती शिकवते त्या शाळेत परीक्षा चालू, मी नको म्हटलं. ही गाडी पुढं पुण्याला जाते, म्हणजे आकाराम आणि धनाजीची गाडी हीच. मी उतरणार आणि ते चढणार. मधे जेवढा वेळ ती लोणंदला उभी राहील तेवढाच माझा. वाटेत गार्डाला विचारलं. तो म्हणाला, "मिरजेकडे जाणारी आल्याशिवाय आम्ही हलत नाही, एकेरी लाईन आहे. दहा मिनिटं धरा. ती वेळेवर असली तर पाच."

लोणंदला ऊन रणरणत होतं. फलाटावर कांद्याची पोती. मी डब्याच्या दारातच उभा होतो. धनाजीचा आवाज आला, "ह्ये बगा गुरुजी! उतरा, सावकास!" त्यानं दंडाला धरून खाली घेतलं.

ट्रंका, वळकट्या, चौघं भाऊ आणि मधे पोत्यावर बसलेली भामाबाई. छातीशी आनंदाची फ्रेम. मला वाटलं, हसेल. ती म्हणाली, "गुरुजी, तार कशापायी धाडली वं?"

मी म्हणालो, वेळ नव्हता, पत्र पोचलं नसतं.

आकाराम हळूच म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरात तार एकदाच आलीया."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पोस्टमन 'तार' म्हणाला आणि गल्लीतल्या बायांनी वाचायच्या आधीच रडण्याचा सूर लावला. भामाबाई उठली आणि घरातली पोरं मोजत सुटली.

"चारीबी हुती," ती म्हणाली. "गुंडा मोरीत आंघोळीला हुता, त्येला तसाच भाईर काडला बगा. चारी घरात, मग तार कुणाची? तवर धनानं वाचली. 'आनंदासह' म्हनला. मला म्होरचं काय ऐकूच आलं न्हाई. म्या म्हनलं, घावला का काय माजा लेक जित्ता कुटंतरी? आन ठेसनावर येतोय?"

इंजिनाची वाफ सुटत होती. अडतीस वर्षं शब्द शिकवले मी. शब्द थोडे ठेवावेत म्हणून त्या पोराचं नाव तारेत घातलं.

मी म्हणालो, "भामाबाई, चुकलो. तारही चुकली आणि फोटोही. माझे डोळे गेलेत. रिंगेवरचा आकडा मला दिसला नाही. सांगलीत बघितलास ना नाथाजी, तो फोटोही माझा नव्हता. पण आज सगळं बांधून आणलंय. पाच मिनिटं आहेत. दुसरं कुणी फोटो काढणारं असेल तर त्याच्या हातात कॅमेरा देतो."

भामाबाईनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे तिचं तोंड माझ्याकडे होतं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. "रडून झालंय कालच. आता नीट काडा. कुटं हुबं ऱ्हाऊ?"

"उन्हात. आणि माझ्यापासून दहा हातांवर."

"दहा हात व्हय?" असं म्हणून तिनं फ्रेम आकारामाकडे दिली आणि खाली वाकून कोपर ते बोट, कोपर ते बोट असं फलाट मोजायला लागली. एक, दोन, तीन.

"आये, आगं तुजा हात आखूड हाय," गुंडा ओरडला. "फोटूत गुरुजींच्या मांडीवर बसशील! सरक, मी मोजतो."

"तुजा लांब हाय म्हून तर मिठाईच्या डब्यात जात हुता," ती म्हणाली. पण सरकली.

गुंड्यानं फौजी विजारीचा विचार न करता फलाटावर आडवं होत दहा हात मोजले. धनाजीनं मागून मोजून एक बोट कमी केलं. दोघांचं भांडण झालं. माझ्या पायापाशी एक कांदा ठेवला, तिकडे दुसरा. कांद्याच्या रेषेवर भामाबाई पोत्यावर बसली, मांडीवर आनंदा, मागं चौघं.

मी डोळ्यांनी बघायचं सोडून दिलं आणि विचारत गेलो. "नाथाजी, काचेवर ऊन चमकतंय का?"

"चमाकतंय. आनंदादा दिसतच न्हाई."

"मग फ्रेम थोडी पुढं कलवा. आता?"

"दिसला. आता दिसला."

"सगळे आहेत?"

आकारामानं फौजेत घालतात तशी मोठ्यानं गणती सुरू केली. "एक!" "दोन!" मग आनंदाची पाळी. भामाबाई म्हणाली, "तीन." मग गुंडा, "चार!" नाथाजी, "पाच!"

मी श्वास कोंडला. चरण मनात येईना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एकही अक्षर आठवलं नाही. तसंच दाबलं. खट्.

दुसऱ्यासाठी फीत सरकवायला गेलो तोच मिरजेकडे जाणारी गाडी शिट्टी देत आत आली. मग सगळी पळापळ. दोन ट्रंका या गाडीत, एक त्या गाडीत. भामाबाई मधल्या फलाटावर, एक हात इकडे, एक तिकडे. दोन्ही गाड्या गेल्या तेव्हा ती, नाथाजी आणि मी उरलो. आणि तो एकच फोटो.

२ मे, शुक्रवार

नानासोंनी रोल मी तिथं असतानाच धुतला. बाहेर आले ते घाम पुसत. "आलाय."

"माझाच ना?"

"लांबट हाय बघा. माझ्या कॅमेऱ्यात असा येतच न्हाई."

मी हात लावून बघितला. लांबट आहे. भिंगाखाली धरला, पण मला पांढरे डाग तेवढे दिसले, चार वर, एक मधे, एक खाली. नानासोंना नीट सांगायला सांगितलं. "समदं स्वच्छ हाय. बाकीचं त्यांच्या आयनं बगू द्या," म्हणाले. प्रदर्शनातल्या चिठ्ठीचा विषय मीच काढला. 'पाण्याकडे' खाली आता त्यांचं नाव लागेल. मंडळाच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी सांगणार आहे, आप्पासाहेबांना काय बोलायचं ते बोलोत.

काल विजयमालाबरोबर मिरजेला गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलाय. पावसाच्या आधी काढू म्हणतात. मग आठवडाभर डोळ्यांवर पट्टी, हलायचं नाही. विजयमाला म्हणाली, "तोवर तुम्ही म्हणा, मी वहीत लिहून घेते." बघू.

४ मे, रविवार. वाडी

फोटो स्वतः घेऊन आलो. पोस्टानं पाठवणार नव्हतो. पोस्टमननं या घराकडे माझ्यापायी एकदा पाय वळवलाय, तेवढं पुरे.

भामाबाई उंबऱ्यात उजेडाला बसली. फोटो गुडघ्यावर ठेवून एकेकावर बोट फिरवू लागली. "ह्यो आकाराम. मिशीच दिसतीया. ह्यो धना. ह्यो मधी आनंदा. किती नीट दिसतुया वं! त्येच्या टोपीवरचं बिल्लंसुदिक." मग बोट पुढं गेलं आणि थांबलं. मी पुढं वाकलो.

"आरं देवा," ती म्हणाली. "गुंड्यानं डोळं मिटल्याती."

मी म्हणालो, "अरेरे. पुन्हा काढायला पाहिजे."

"कुटं काडता? चौघं आता कवा गावायची?" आणि ती हसायला लागली, पार खोकला येईस्तोवर. "लहानपनी देवी टोचायला आल्यावर असंच करायचा. सुई बगितली की डोळं गच्च. आन म्हनं फौजी! असू द्या. त्येचं त्येलाच दाखीवते, पुडच्या रजंला."

नाथाजीनं आतल्या भिंतीवर खिळा ठोकला. तिथं आनंदाचा एकट्याचा फोटो आहे, नेहमीच्या जागी, हार घातलेला. नवा फोटो त्याच्या शेजारी लावला. नाथाजी म्हणाला, "आये, ह्येलाबी हार आणू काय बाजारातनं?"

भामाबाई त्याच्यावर डाफरली. "शाना हाईस का? ह्येच्यात चौघं जित्ती हाईत. जित्त्या माणसाला हार घालत्यात व्हय?"

मग पदरानं काच पुसत, भिंतीकडे तोंड करून, माझ्यासाठी नव्हे अशा आवाजात म्हणाली, "ह्या फोटूत आनंदालाबी हार न्हाई."